गाडीची खांदशेकणी

बाबा नाल्यात पडले ते पाय टेकवल्यामुळे. गाडी घसरल्यामुळे नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्या पायात सळई बसून बरेच महिने झाले होते.

बाबा वीज कंपनीत लाइनमन. एटापल्लीच्या पुढे जंगलातून जी लाइन जाते, तिच्यावरची काही गावं त्यांच्याकडे. पावसाळ्यात फांदी पडली, डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला, की गावातून फोन यायचा आणि बाबा निघायचे. वाटेत नाले. काहींवर रपटा, म्हणजे बुटका पूल आहे, तो पाण्याखाली असतो. काहींवर तोही नाही. त्या दिवशी नाल्याच्या मधोमध त्यांच्या जड मोटरसायकलचं पुढचं चाक गोट्यावर चढलं, गाडी डावीकडे कलली, आणि त्यांनी कोणीही टेकवेल तसा डावा पाय टेकवला. तो दोन दगडांच्या फटीत गेला. वरून गाडी आली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पाय नीट बसवला. म्हणाले, चाला, उभे राहा, काही हरकत नाही. पण या पायाला आडवा पीळ पडता कामा नये. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका. ते हसत म्हणाले होते, पण आई हसली नाही.

मग कंपनीने बाबांना उपकेंद्रात खुर्चीवर बसवलं. फोन घ्यायचे, लिहून ठेवायचं. सगळे म्हणाले, बरं झालं, आता पावसात भिजणं नाही. बाबाही हो म्हणाले. पण त्यांच्या गावांतले लोक अजून त्यांच्याच मोबाइलवर फोन करायचे. "भाऊ, काल सकाळपासून लाइट नाई. तुम्ही काऊन येत नाई?" बाबा म्हणायचे, "पाठवतो कोणाले तरी." पाऊस असला की त्या वाटेला कोणी जात नाही, हे त्यांना माहीत होतं. पूर्वी घरी आल्यावर ते कुठल्या गावात कोणाची म्हैस व्यायली इथपासून सगळं सांगायचे. आता ताट पुढे ओढून जेवायचे आणि उठायचे.

मी तेव्हा इंजिनिअरिंग संपवून घरी आले होते. शाळा-कॉलेज सगळं चंद्रपुरात, मावशीकडे राहून, इंग्रजी माध्यमात झालेलं. त्यामुळे आपल्याच घरात मी थोडी पाहुणी होते. कमी बोलायचे. बोलले की माझी पुस्तकी मराठी ऐकून शेजारच्या घरात राहणारी आत्या, बाबांची मोठी बहीण, म्हणायची, "आल्या बातम्या! सांग वं, आणखी काय झालं देशात?" मग मी आणखी कमी बोलायचे.

न बोलणाऱ्या माणसाला मोबाइल बरा असतो. त्यावर एकदा मला ट्रायल्स नावाचा खेळ दिसला. परदेशातली माणसं हलक्या मोटरसायकलींवर उभी राहून ओढ्यांतून, खडकांवरून, आडव्या पडलेल्या झाडांवरून जात होती. शर्यत नव्हती. वेगाला काही किंमतच नव्हती. नियम एकच, पाय जमिनीला टेकता कामा नये. टेकला की गुण गेला. बाजूला एक माणूस उभा राहून फक्त पायाकडे बघत असायचा. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. त्या ओढ्यांसारखेच तर आमचे नाले होते.

आमच्या कोंबड्यांच्या छपरीत बाबांची जुनी टू-स्ट्रोक गाडी पडून होती. माझ्या जन्माच्या आधीची. सीटमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. पण ती हलकी होती, मागचं चाक मी एकटी उचलू शकत होते. मी आईला सांगितलं की मी ही गाडी नीट करणार आहे आणि नाल्यासाठी बदलणार आहे. कोणासाठी ते सांगितलं नाही. आईने तांदूळ निवडत माझ्याकडे पाहिलं.

"करजो," ती म्हणाली. "पण ते पुन्हा पडले तं मी तुलेच विचारीन."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसला होता. मी प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवलं आणि रोज किकवर उभी राहून बघायचे. बरेच दिवस तो हलला नाही. मग एका दुपारी किक माझ्यासकट खाली गेली आणि मी कोंबड्यांमध्ये पडले. त्या दिवसानंतर कामाला वेग आला. नवी रिंग, नवे ऑइल सील. टाकीत गंज होता, चिंचेचं पाणी आणि बारीक गिट्टी घालून मी ती अंगणात हातांनी हलवत बसायचे, आणि आत्या कुंपणावरून विचारायची, "दही घुसळून राह्यली का?" कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. ते निघाल्यावर गाडी सुरू झाली. खूप धूर झाला आणि सगळ्या कोंबड्या आत्याच्या अंगणात गेल्या.

सुरू होणं सोपं होतं. बदलणं अवघड. उभं राहून चालवायची म्हणून फुटरेस्ट खाली आणि जरा मागे घ्यायचे होते, हँडल रुंद करायचं होतं, सायलेन्सर वर उचलायचा होता. सीट मी काढूनच टाकली. इंजिनखाली दगड लागू नये म्हणून राइस मिलचा जुना जाड पत्रा वाकवून लावला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं हवं होतं, म्हणजे पहिला गिअर अगदी सावकाश चालेल. ते करून घ्यायला मी वडशाला लेथवाल्या चाचांकडे गेले. मी कागदावर काढलेलं वर्तुळ त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे स्प्रॉकेट आहे का जेवायचं ताट?"

"स्प्रॉकेट."

"इतकं मोठं लावलं तं गाडी पळेल कशी, बेटा?"

"पळवायची नाहीये."

"फिर? बसून राहते गाडी?"

"चालते," मी म्हणाले. "बैलासारखी."

चाचा हसले. "मग बैलच घे ना! पेट्रोल तं वाचेल." पण त्यांनी केलं. पहिलं थोडं वाकडं झालं, चेन उडायची. दुसरं बरोबर बसलं.

या काळात बाबा संध्याकाळी छपरीसमोर खाट टाकून बसू लागले होते. आधी गाडीकडे पाठ करून. मग आडवे. मग एक दिवस म्हणाले, "क्लच केबल जास्त ताणली तू." ती खरंच ताणलेली होती. मी सैल केली. त्यानंतर ते खाट हळूहळू पुढे सरकवत राहिले.

मी अंगणात विटा मांडल्या, जळणाचा एक ओंडका आडवा टाकला, चुन्याने वाट आखली. स्वतः चालवून पाहिली आणि पाडलीही. मग गाडी बाबांच्या खाटेजवळ उभी केली. ते उठले. उभं राहून चालवण्यात पायावर सरळ भार येतो, पीळ पडत नाही. उभं राहायला डॉक्टरांची ना नव्हती. तरी आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन उभी होती.

मी बाजूला उभी राहून त्यांच्या पायाकडे बघायचे.

"टेकला."

"नाई टेकला. लागला जरासा."

"लागला म्हणजे टेकलाच."

"अवं, बापाले तरी सोड!"

"टेकला, बाबा."

माझ्या आयुष्यात मी कोणालाही इतक्या वेळा इतक्या ठामपणे काही सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी दिवसभर तेच म्हणत होते. पावसाळा लागला तोवर मला क्वचितच बोलावं लागत होतं. बाबा ओंडक्यावर पुढचं चाक टेकवून, क्षणभर थांबून, मागचं चाक अलगद वर घ्यायचे.

शेवटचा बदल ब्रेकचा होता. नाल्यात चाक बुडलं की चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी भरतं आणि ब्रेक लागत नाही. पाणी निथळून जावं म्हणून मी मागच्या ड्रमच्या झाकणाला छिद्रं पाडली. मला त्या छिद्रांचा फार अभिमान होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आत्या आमच्या अंगणात आली. त्या संध्याकाळी बैलांना धुऊन त्यांची खांद शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं, त्याला गरम तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आत्याकडे आता बैल नव्हते. शेत भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायचं, जोडी दोन वर्षांपूर्वी विकली होती. गेल्या पोळ्याला ती दिवसभर दार लावून झोपली होती. या वेळी तिच्या हातात तुपाची वाटी होती.

"ट्रॅक्टर काई माह्या नाई," ती बाबांना म्हणाली. "पण ही घरची हाय. उद्यापरवा तुले नाल्यातून नेईल. भार कुठी पडते हिच्यावर?"

बाबा खुशीत होते. "मागच्या चाकावर, बाई. हिचा खांदा मागं असते."

मी ऐकलं आणि हसले. मला ते बोलणं आवडलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी आत पाणी तापवायला गेले. आतून मला आत्याचा आवाज येत होता. ती गाडीला म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नाल्यापलीकडच्या गावाचा डीपी गेला होता. पोळा असल्यामुळे दुसरे लाइनमन आपापल्या गावी. बाबांनी साहेबांना फोन केला. साहेब वयाने माझ्याएवढेच असतील; त्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "काका, तुम्हाला जमेल का? बघा हं, जबाबदारी माझ्यावर येईल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. नंतर कितीतरी दिवस मला ती हललेली मान आठवत होती.

आईने त्यांच्या पिशवीत भाकरी बांधली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

बाबा पुढे गाडीवर, मी आणि आत्या मागून पायी. नाला गावापासून लांब नाही. मी पोहोचले तेव्हा बाबा काठावर गाडी थांबवून पाणी बघत होते. वीतभर पाणी होतं, गढूळ, पण ओढ कमी. उतार मात्र लाल मातीचा, ओला, निसरडा. अशा उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. पुढचं चाक अडकलं की सरळ आडवी. मागचा ब्रेक, फक्त मागचा.

बाबांनी दोन्ही पाय वर घेतले, उभे राहिले आणि गाडी सोडली. त्याच क्षणी मला वास आला. कढवलेल्या तुपाचा. गाडीच्या मागच्या चाकाच्या मधल्या भागाला पळसाचं पान दोऱ्याने बांधलेलं होतं, आणि माझ्या छिद्रांमधून पिवळा ओघळ निघून चाकाच्या तारांवर पसरला होता.

बाहेर इतकं आलं होतं, म्हणजे आत किती गेलं असेल!

मी ओरडले. मी असं कधी ओरडले नव्हते. आत्या दचकून बाजूला झाली. "बाबा! ब्रेक नाही! मागचा ब्रेक नाही!"

ते उतारावर होते. थांबणं आता शक्य नव्हतं. मी बघत राहिले ती फक्त पायांकडे. सवयच झाली होती. गाडी घसरणारच असं वाटलं, पण ती घसरली नाही. चाचांनी ताट म्हटलं होतं त्या स्प्रॉकेटने तिला धरून ठेवलं होतं. पहिला गिअर इतका सावकाश होता की ती एकेक पाऊल टाकल्यासारखी खाली गेली. पाण्यात शिरली. पुढचं चाक गोट्यावर चढलं, गाडी डावीकडे कलली, आणि बाबांचा डावा पाय फुटरेस्टवरून सुटला.

पाय हवेत होता. पाण्याच्या वर, खूप थोडा वर. बाबांनी कंबर उजवीकडे टाकली, जरासा थ्रॉटल दिला, आणि पाय परत फुटरेस्टवर गेला. टेकला नाही. गाडी पलीकडच्या चढावर चढली, वर जाऊन थांबली.

इंजिन बंद झाल्यावर सगळं एकदम शांत वाटलं.

"काय वरडून राह्यली होती वं?" बाबांनी पलीकडून विचारलं.

"मागचा ब्रेक नाहीये!"

"हाव, ते उतरतानीच समजलं मले!"

"मग?"

"मंग काय? पाय तं टेकवाचा नव्हता ना!"

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. आत्या खाली बसली होती. तिला सगळं समजलं होतं. मागच्या चाकाचं नाव काढणारे बाबाच होते, पण ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

मी पाण्यातून पलीकडे गेले. परत येताना ब्रेक हवाच होता. निघतानाच मी पान्यांची पिशवी खांद्यावर टाकली होती. मी काठावरच चाक काढलं, ड्रम उघडला. आत ब्रेकचे लायनर तुपात भिजलेले, हळदीने पिवळे झालेले. टाकीतलं थोडं पेट्रोल काढून मी ड्रम पुसला, लायनर धुतले, खरखरीत दगडावर घासले, पुन्हा धुतले. एव्हाना पलीकडच्या गावातून माणसं बाबांना बघायला आली होती. ती माझ्याभोवती गोल करून उभी राहिली. एरवी मी मेलेच असते. पण हात कामात होते, आणि खरं म्हणजे मला त्या वेळी कोणाचीही लाज वाटण्याइतकी ताकद उरली नव्हती.

"भाऊ, पोरगी कायची डॉक्टर हाय तुमची?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"बैलाची," बाबा म्हणाले, आणि डीपीकडे चालत निघून गेले.

त्यांच्यामागे सगळे गेले. मी चाक बसवत होते. थोड्या वेळाने गावातला भोंगा अर्ध्या शब्दावरून पोळ्याचं गाणं म्हणू लागला, आणि पिठाची चक्की घरघरली. लाइट आली होती. मी हातातला पाना खाली ठेवला आणि काठावर बसून आईने दिलेल्या भाकरीचा एक तुकडा खाल्ला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा आठवलं.

परतताना ब्रेक लागला. पूर्ण नाही, पण पुरेसा. नवे लायनर मी पुढच्या आठवड्यात आणले.

घरी आल्यावर आईने बाबांच्या चपला पाहिल्या. त्या कोरड्या होत्या. तिने त्या उचलून भिंतीशी लावल्या आणि भजी तळायला घेतली. मला काही विचारलं नाही.

आत्या जेवायला येईना. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "माह्या हातानं काई चांगलं होत नाई. बैल ठेवले नाई, आता भावाले..."

मला समजूत घालता येत नाही. मी म्हणाले, "तूप चांगलं होतं. जागा चुकली."

"मंग कुठी लावाचं होतं? मागचं चाक, तोच तं बोलला."

मी कुंपणावरून बाबांकडे पाहिलं. ते अंगणातल्या खाटेवर पाय पसरून बसले होते. डावा पाय थोडा सुजला होता. दिवसभराचा भार त्याच्यावरच पडला होता. आत्यानेही तिकडे पाहिलं. मग आत जाऊन तिने वाटी चुलीवर धरली, आमच्या अंगणात आली आणि बाबांच्या पायाशी बसली.

"बाई, काय करून राह्यली?" बाबा पाय ओढू लागले. "मी का बैल हाव?"

"बैल असता तं गुमान उभा राह्यला असता. पसर पाय."

तिने सळईवरच्या जुन्या व्रणाला हळद-तूप चोळलं. पळसाचं पान गरम करून वर ठेवलं. बाबा आधी हसत होते, मग त्यांनी पाय सैल सोडला. पायाखाली जमिनीवर तुपाचा थेंब पडला तो कोंबडीने टिपला.

"कालच आवतन देल्लं होतं," आत्या म्हणाली. "चल, जेव आता."

भजी येत होती तेवढ्यात बाबांचा मोबाइल वाजला. दुसऱ्या गावाचा आवाज. नाल्यापलीकडची लाइट आली हे त्यांना कळलं होतं. आमची कधी, असं ते विचारत होते. आई झारा हातात धरून थांबली. बाबांनी पायावरचं पान एका हाताने धरून ठेवलं होतं.

"येतो," ते म्हणाले. "सकाळी येतो."

आईने पुढचा घाणा कढईत सोडला. मी उठून गाडीजवळ गेले आणि मागचा ब्रेक दाबून पाहिला.